झडपेचे पोलाद आणि पाण्याचे बुडबुडे

टेकडीवरील जलाशयातून खालच्या वस्तीस पाणी सोडताना त्याचा दाब उतरवावा लागतो. नाहीतर नळ फुटतात. हे काम नियंत्रक झडपेचे. काही झडपांतून मात्र खडी वाहत असावी तसा खडखडाट ऐकू येतो. उघडून पाहावे, तर खड्याचा मागमूस नसतो आणि पोलाद वारुळासारखे पोखरलेले असते. दोष बहुधा गंजाला दिला जातो. खरे अपराधी पाणीच होय.

हवेच्या नेहमीच्या दाबाखाली पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते; दाब पुरेसा उतरला तर ते 30 अंशांवरही उकळते. झडपेच्या अरुंद वाटेत पाण्याचा वेग वाढतो व दाब घसरतो. तो फारच घसरला की वाफेचे असंख्य बुडबुडे उठतात. पुढे वाट रुंदावते, दाब परततो आणि बुडबुडे चिरडले जातात. भिंतीलगत बुडबुडा मिटताना पाण्याची सूक्ष्म धार धातूवर आदळते. अशा कोट्यवधी आघातांपुढे पोलादही हार खाते. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुडा मिटण्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 साली मांडले. तेव्हा चिंता जहाजांच्या पंख्यांची होती.

कठीण पोलाद वापरावे, हा उपाय प्रथम सुचतो. त्याने झडप अधिक टिकते. बुडबुडे थांबत नाहीत. खरा उपाय दाब टप्प्यांनी उतरविण्याचा. समजा, 60 मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब 5 मीटरवर आणावयाचा आहे. हवेचा भार सुमारे 10 मीटर धरला, तर हे 70 वरून 15 वर येणे झाले. प्रवेशाच्या दाबाला उताराने भागावे. भागाकार जितका लहान, तितका धोका मोठा. एकाच झडपेत तो 1.27 येतो, आणि पुष्कळशा साध्या झडपांना हा सोसत नाही. दोन झडपा ओळीने बसवून 55 मीटरचा उतार निम्मा-निम्मा वाटला, तर पहिलीचा भागाकार 2.55, पण दुसरीचा जेमतेम 1.55. ही समान वाटणी दिसते न्याय्य, परंतु दुसऱ्या झडपेवर ती अन्यायच करते. पहिलीने 38 व दुसरीने 17 मीटर उतरविले, म्हणजे दोघींचा भागाकार 1.85 च्या आसपास राहतो.

दुसरी झडप बसविण्यास जागा नसेल, तर आत सच्छिद्र नळकांडे असलेली झडप घेतात. तिच्यातील बारीक धारा समोरासमोर भिडतात. बुडबुडे प्रवाहाच्या मध्यावर मिटतात आणि भिंत बचावते. मात्र ती छिद्रे गाळाने लवकर बुजतात, म्हणून अशा झडपेच्या अलीकडे गाळणी बसवावी व ती वेळोवेळी साफ करावी.