कुंभनगरी : तात्पुरत्या महानगराचा अभ्यास

सिमेंट आणि पोलाद म्हणजेच शहर, ही समजूत अपुरी असल्याचे वास्तुरचनाकार प्रा. राहुल मेहरोत्रा अनेक वर्षांपासून मांडत आले आहेत. अहमदाबाद व हार्वर्ड येथे शिक्षण घेऊन त्यांनी १९९० मध्ये स्वतःची वास्तुरचना संस्था स्थापन केली. पुढे हार्वर्ड विद्यापीठातील नगर नियोजन व आरेखन विभागाचे प्रमुखपदही त्यांनी भूषविले.

त्यांच्या विचाराचे मूळ मुंबईत आहे. नकाशावरील ‘स्थिर’ शहराच्या जोडीने फेरीवाले, डबेवाले, गणेशोत्सवाचे मंडप यांचे ‘गतिमान’ शहर त्याच जागेत नांदते, असे ते सांगतात. ही दोन शहरे वेगळी काढता येत नाहीत. डबेवाल्यांची साखळी उपनगरी रेल्वेवाचून चालणार नाही.

या विचाराची मोठी कसोटी ठरला २०१३ चा अलाहाबाद (आताचे प्रयागराज) येथील कुंभमेळा. हार्वर्डच्या विविध विभागांतील अभ्यासकांनी तेथे पाहणी केली. त्यावरील ग्रंथ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यानंतर गंगेचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या वाळूवर आखणी सुरू होते. वाळूत चाके रुतू नयेत म्हणून लोखंडी पत्र्यांचे रस्ते अंथरले जातात, नदीवर पिंपापूल उभारले जातात. बांबू, दोर, कापड आणि पत्रे एवढ्यावर निवारा उभा राहतो. सारे सुटे करता येण्याजोगे असल्यामुळे ५५ दिवसांचा मेळा आटोपताच ते उचलून पुन्हा वापरता येते. वीज, पाणी, स्वच्छता, दवाखाने व पोलीस यांची व्यवस्था विभागवार असते. अनेक कायमस्वरूपी शहरांना जमू नये, अशी ही शिस्त आहे.

तिलाही मर्यादा आहेतच. १० फेब्रुवारी २०१३ रोजी चेंगराचेंगरीत ३० हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले, ते वाळूवरील नगरीत नव्हे, तर रेल्वे स्थानकावर. म्हणजे तात्पुरते शहर कायमच्या शहराला जेथे जोडले जाते तेथे. २०२५ मध्ये मात्र खुद्द संगमावरच दुर्घटना घडली.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या आगामी सिंहस्थासाठी हा अभ्यास जसाच्या तसा उचलता येणार नाही. नाशिकमध्ये साधुग्राम तपोवनात वसते, पण स्नानाचे रामकुंड जुन्या वस्तीत, दगडी घाटांमध्ये आहे. प्रयागसारखे विस्तीर्ण वाळवंट येथे नाही. गर्दीचे मार्ग नांदत्या शहरातूनच आखावे लागतात.