चार पोस्टकार्डांवर उभी गाडी

बैलगाडीचे चाक सुताराने कितीही मन लावून घडवले, तरी त्यावर लोहाराची धाव चढल्याखेरीज ते रस्त्यावर उतरत नसे. धाव म्हणजे चाकाच्या परिघाला घट्ट बसणारा लोखंडी पाटा. तो लालभडक तापवायचा, चार माणसांनी चिमट्यांत धरून चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचे. गार होताना तो आकसतो आणि सगळे चाक आवळून धरतो. लोहाराकडे धाव बसवायची असली, की घरचा कर्ता माणूस स्वतः जातीने तिथे उभा राही. आज त्याच घरातला नातू लाखो रुपयांची मोटार घेतो, रंग पसंत करायला चार वेळा शोरूमला जातो, आतल्या गाण्याच्या यंत्रावर तासभर वाद घालतो, आणि टायर बदलायची वेळ आली की दुकानदाराला म्हणतो, "द्या कुठलेही, पण जरा टिकाऊ द्या!"

ही बेफिकिरी किती महागाची आहे, ते एका सोप्या हिशेबाने कळेल. माणसे धरून मोटारीचे वजन ११०० किलो समजा. एका चाकावर २७५ किलो आले. चाकात ३२ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब. भागाकार केला, की रस्त्याला टेकणारा रबराचा तुकडा निघतो जवळजवळ १२२ चौरस सेंटिमीटरचा. आपले टपालखात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. तात्पर्य, तुमची गाडी, तुमची मुलेबाळे आणि डिकीतला फराळाचा डबा हे सर्व चार पोस्टकार्डांवर उभे असते. ब्रेक कितीही उत्तम असोत, ते फक्त चाक थांबवतात. गाडी थांबवतात ती ही चार पोस्टकार्डे.

आता हा विषय आज का काढला ते सांगतो. नागपूरहून सावनेरच्या रस्त्याला लागले, की बारा-पंधरा किलोमीटरवर कोराडी येते. एका बाजूला जगदंबेचे देऊळ आणि तलाव, दुसऱ्या बाजूला औष्णिक वीजकेंद्राची धुराडी. इथल्या वसाहतींतून हल्ली एक नवी जात दिसू लागली आहे. नोकरीला लागलेला मुलगा, हाताशी जरा चपळ इंजिनाची छोटी गाडी, आणि डोक्यात एक वेड की वर्षातून एकदोनदा ती खऱ्या शर्यतीच्या मार्गावर पळवायची. हे वेड मला वाईट वाटत नाही. सावनेर रस्त्यावर रात्री अकरा वाजता जो पराक्रम करून दाखवायचा, तो बंद मार्गावर, डोक्याला हेल्मेट घालून, रुग्णवाहिका हाताशी असताना केलेला केव्हाही बरा.

पण असा मार्ग विदर्भात नाही. आपल्याकडे कोल्हापुरात गो-कार्ट पळवण्याची सोय आहे. मोठ्या गाड्यांसाठी मात्र दूर जावे लागते. मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातील विमानांच्या धावपट्टीवर कित्येक वर्षे शर्यती होत. पुढे १९९० साली इरुंगट्टुकोट्टई येथे मुद्दाम बांधलेला मार्ग सुरू झाला. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या. झीरो माइलच्या खांबाचा आम्हा नागपूरकरांना मोठा अभिमान! त्याचा अर्थ इतकाच, की चेन्नई काय किंवा नोएडा काय, दोन्हीकडे सारखेच हजार-अकराशे किलोमीटर. म्हणजे ज्या टायरवर मुलगा शर्यतीच्या मार्गावर फेऱ्या मारणार, त्याच टायरवर त्याला तिथवर जायचे आहे आणि त्याच टायरवर घरी यायचे आहे. खरी मेख इथेच आहे.

टायर निवडणे म्हणजे रबराचा स्वभाव निवडणे. कडक रबर झिजत नाही, पण रस्त्याला चिकटतही नाही. मऊ रबर खडीच्या बारीक उंचसखलात शिरते आणि पकड देते. मात्र तेवढ्याच वेगाने झिजते. कंपन्या टायरच्या कडेला झीज दाखवणारा एक आकडा छापतात. घरगुती टायरावर तो चारशे-पाचशे किंवा अधिक असतो, चपळ गाड्यांसाठीच्या चांगल्या टायरावर तीनशेच्या आसपास, आणि अर्धवट शर्यतीच्या टायरावर दोनशे. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एका कंपनीचे तीनशे आणि दुसरीचे तीनशे एकच असे समजू नये. पण जात ओळखायला तो पुरतो.

दोनशेवाला टायर हा गवयासारखा आहे. आवाज तापला की मैफल रंगते, तोवर नाही. मार्गावर एकदोन फेऱ्या मारून रबर गरम झाले की वळणावर गाडी रुळावर बसवल्यासारखी जाते. पण डिसेंबरच्या पहाटे, नागपूरचा पारा दहाच्या खाली असताना, तोच टायर कोराडीच्या चौकात लाकडासारखा वागतो. साध्या घरगुती टायरची तऱ्हा उलटी. तो थंडीत बिचारा इमानाने वागतो, पण मार्गावर चार फेऱ्यांत त्याला ताप चढतो, रबर तुपकट होते, आणि कधीकधी नक्षीचे तुकडेच निघून येतात. मधला, तीनशेच्या घरातला टायर दोन्हीकडे पहिला नंबर मिळवत नाही, पण दोन्हीकडे पास होतो.

नागपूरचे हवामान या परीक्षेत तीन पेपर काढते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. डांबर त्याहूनही कितीतरी तापते. हवा कमी असलेला टायर अशा रस्त्यावर वेगाने चालला, की त्याच्या बगला सतत दुमडतात, आतून तापतात आणि एखाद्या क्षणी फुटतात. लोक म्हणतात उन्हाने फुटला. पुष्कळदा तो कमी हवेने फुटलेला असतो. दुसरा पेपर पावसाळ्याचा, आणि तो सर्वांत कठीण. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. ते पाणी बाहेर काढण्याचे पाट आहेत. दोनशेवाल्या टायरला हे पाट थोडे आणि उथळ असतात. साचलेल्या पाण्यावर वेगाने गेले, की पाणी निघायला वाव मिळत नाही, पोस्टकार्ड रस्त्यावरून उचलले जाते आणि गाडी अक्षरशः तरंगते. त्या क्षणी सुकाणूही नाही आणि ब्रेकही नाही. त्यात कोराडीची खास भर अशी, की वीजकेंद्राच्या राखेची वाहतूक करणारे ट्रक इथलेच. सांडलेली बारीक राख आणि पहिला पाऊस यांचा जो राडा होतो, त्यावर कुठल्याच टायरची फुशारकी चालत नाही. पकड अर्धी झाली, की थांबायचे अंतर दुप्पट होते. हे गणित सर्वांना सारखेच लागू.

तिसरा पेपर थंडीचा, त्याबद्दल वर लिहिलेच आहे.

अशा एका घरात या विषयावर झालेली चर्चा ऐकण्याचा योग मला आला. मुलाने दोनशेवाल्या टायरचे गुणगान अर्धा तास केले. वडिलांनी किमतीचा मुद्दा काढला. आजी म्हणाल्या, "दसऱ्याला चाकाखाली लिंबं ठेवतोच ना आपण, मग कोणता का टायर असेना!" शेवटी स्वयंपाकघरातून आई बाहेर आली आणि तिने एकच प्रश्न विचारला, "काय रे, या टायरवर जुलै महिन्यात आजीला घेऊन रामटेकला जाता येईल?" मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा आता आईला." बाबांनी वर्तमानपत्र वर धरले. माझ्या मते त्या प्रश्नात सगळे शास्त्र आले. वर्षातले तीनशे साठ दिवस गाडी घरच्यांची आहे. टायर त्या दिवसांतल्या सर्वांत वाईट दिवसासाठी घ्यावा, सर्वांत मजेच्या दिवसासाठी नव्हे.

एवढे ठरले की पुढचे काम डोळे उघडे ठेवून करण्याचे. टायरवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' असे काही लिहिलेले असते. रुंदी १८५ मिलिमीटर. बगलेची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणीचा. चाक १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलावे. आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. शेवटचे अक्षर व्ही असेल तर २४०. गाडीच्या मूळ आकड्यांपेक्षा वजनाचा किंवा वेगाचा आकडा खाली उतरू देऊ नये. हौशी मंडळी १५ ऐवजी १६ इंची चाक घालतात. १९५/५५ आर १६ घातला तर चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहते, पण रबराची बगल १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते. वळणावर गाडी नीट बसते हे खरे. पण पावसाळ्यानंतर पडलेल्या खड्ड्यात तेवढेच तेरा मिलिमीटर चाकाची कड वाचवत असतात.

परदेशी टायरांचा मोह पडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जून २०२० मध्ये सरकारने टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले. लहान चाकांसाठी शर्यती ढंगाचे टायर आधीच थोडे, त्यात ही अडचण. म्हणून दुकानात पडून राहिलेला जुना माल 'खास' म्हणून गळ्यात मारला जाण्याचा संभव असतो. टायरच्या बगलेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. रबर न वापरताही कडक होते. चार वर्षे फळीवर बसलेला उंची टायर घेण्यापेक्षा चार महिन्यांपूर्वी बनलेला मध्यम टायर घ्यावा. चारही चाकांना एकच जात घ्यावी. पुढे नवे पाणीदार टायर आणि मागे गोटा झालेले, ही काटकसर ओल्या वळणावर गाडीचे शेपूट फिरवते.

मग शर्यतीच्या मार्गावर काय करायचे? तिथली निम्मी कला हवेच्या दाबात आहे. सकाळी गार टायरात ३२ पौंड भरले आणि फेऱ्या मारून टायर चाळीस अंशांनी तापला, तर दाब ३८ च्या पुढे जातो. टायर फुगतो, पोस्टकार्ड आकसते, पकड जाते. म्हणून फेऱ्यांच्या मधे उतरून दाब मोजायचा आणि जादा हवा सोडायची. किती सोडायची, ते सांगायला एक खडू पुरतो. नक्षीच्या काठावरून बगलेवर खडूने उभी रेघ ओढा आणि दोन फेऱ्या मारा. खडू जिथपर्यंत पुसला गेला, तिथपर्यंत टायर वळणावर लोळतो. नक्षीच्या काठापर्यंत पुसला तर ठीक. बगलेवर खूप खाली पुसला गेला तर हवा कमी आहे. सरळ उभ्या चाकांच्या घरगुती गाडीत बाहेरचा काठ आधी झिजतो, तेव्हा परतल्यावर अलाइनमेंट तपासून घ्यावी.

आणि परत निघण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी! दिवसभर सोडत आणलेली हवा टायर गार झाल्यावर चोवीस-पंचवीसवर येते, अंगात दमणूक असते, आणि समोर हजार किलोमीटरचा रस्ता. मार्गावर न झालेला अपघात अशा वेळी महामार्गावर होतो. ताशी ८० ऐवजी १२० ने जाणाऱ्या गाडीत सव्वादोन पट शक्ती साठलेली असते, हेही ध्यानात असावे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि २०२३ साली परिवहन खात्याला त्याच्या तोंडाशी गाड्यांचे टायर तपासून, गोटा झालेल्यांना परत पाठवावे लागले. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. पावसाळ्यासाठी तो त्याच्या बराच आधी संपलेला असतो.

ज्याची हौस वर्षाला दोन फेऱ्यांवरून सहांवर गेली, त्याने मात्र जुन्या चाकांचा दुसरा जोड घेऊन त्यावर दोनशेवाले टायर चढवून ठेवावेत. दोन चाके डिकीत, दोन मागच्या आसनावर, आणि जॅक व पाना सोबत. मार्गावर पोचल्यावर अर्ध्या तासात बदलतात. घरी ती उन्हापासून दूर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवावीत. कोराडीतल्या त्या घरात सध्या ती देवघराशेजारच्या कोनाड्यात आहेत, आणि आजींनी त्यांनाही हळदकुंकू लावले आहे.