घाटात लागलेली चेक लाइट

जुलैचा पाऊस, कसारा घाट. २००१ सालची एक होंडा सिटी व्हीटेक दुसऱ्या गिअरमध्ये चढतेय आणि इगतपुरीच्या अलीकडे मीटरवर पिवळी चेक लाइट लागते. गाडी बंद पडत नाही. पिकअप जरा मंदावतो, पेट्रोलचा वास येतो, एवढंच. नाशिकला पोचल्यावर गॅरेजात निदान तयारच असतं : "सेन्सर गेला, बदलून टाकू." नवा सेन्सर बसतो, लाइट विझते आणि आठवडाभराने पुन्हा लागते.

ही गाडी नमुन्यादाखल घेतली आहे, पण अशा गाड्या नाशिकला नव्या नाहीत. 'रॅली ऑफ महाराष्ट्र'च्या निमित्ताने राष्ट्रीय स्पर्धेतल्या गाड्या या शहराने जवळून पाहिल्यात. हौशींच्या लेखी १०६ अश्वशक्तीची ती सिटी म्हणजे स्पोर्ट्स कारच. वीस-पंचवीस वर्षांत ती तीन-चार मालकांकडे फिरते आणि प्रत्येक जण तिच्यात काहीतरी करून घेतो : हेडर, फ्री-फ्लो सायलेन्सर, कोन फिल्टर. म्हणून मॉडिफाय केलेल्या गाडीचा तपास करताना पहिला प्रश्न, "कंपनीने दिलेल्यातलं काय काय बदललंय?" त्याची यादी कागदावर उतरवा. संशयितांची यादी बहुतेक तीच असते.

आधी रंग बघा

ऑइलच्या बुधलीचं किंवा तापमानाचं लाल चिन्ह लागलं, तर घाट असो वा हायवे, गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. पिवळी चेक लाइट सलग लागली असेल तर सावकाश घरी येता येतं. नव्या गाड्यांत ती लुकलुकली तर इंजिन मिसिंग मारतंय असं समजावं. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू शकतं.

जुनी गाडी विकत घेताना उलटंही तपासा. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता मीटरकडे बघा. चेक लाइट दोनेक सेकंद लागून विझली पाहिजे. ती लागलीच नाही, तर कुणीतरी बल्ब काढलेला किंवा त्यावर टेप चिकटवलेला असू शकतो.

लाइटशीच बोला

भारतात २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ चं सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की कोड मिळतो. होंडाच्या जुन्या गाड्यांत स्कॅनरशिवायही काम भागतं. डॅशबोर्डखाली दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर असतो. इग्निशन बंद ठेवून त्या दोन पिना तारेने जोडायच्या आणि मग इग्निशन ऑन करायचं. चेक लाइट लुकलुकून आकडा सांगते : लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. शेजारी तीन पिनांचा दुसरा कनेक्टर असतो, त्याला हात लावू नका. खात्री नसेल तर मॅन्युअल बघा.

एकच आखूड लुकलुक म्हणजे कोड १, ऑक्सिजन सेन्सर. चार लांब आणि एक आखूड म्हणजे ४१, त्याच सेन्सरचा हीटर. २१ किंवा २२ आला तर तो व्हीटेकचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या यंत्रणेचा. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालतं, त्यामुळे तिथे सगळ्यात आधी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघायची.

आपल्या गाडीत कोड १ आला. इथेच घाई होते. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच दोषी, असं नाही. फिर्यादीत नाव असलं म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही.

सेन्सर करतो काय?

हा सेन्सर बॉशने १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम आणला. तीच बॉश, जिच्या सातपूरच्या कारखान्याला नाशिककर अजून मायको म्हणतात आणि जिच्या नावाने त्र्यंबक रोडवर मायको सर्कल आहे.

पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. सेन्सर एक्झॉस्टमधला उरलेला ऑक्सिजन हुंगतो. पेट्रोल जास्त असेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, हवा जास्त असेल तर ०.१ च्या आसपास. त्यावरून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. तब्येत ठीक असलेल्या सेन्सरचा आकडा या दोन टोकांत सतत खाली-वर होत राहतो. मात्र त्यासाठी तो ३०० अंशांच्या वर तापलेला हवा.

आता हेडर, म्हणजे इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणारे पाइप, बघा. त्याचं इंजिनकडचं पॅकिंग किंचित जरी फुटलेलं असेल, तरी एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, हवा जास्त झाली. तो इमानदारीने ०.१ दाखवतो, ईसीएम पेट्रोल वाढवत नेतो. गाडीला वास येतो, ॲव्हरेज पडतं, शेवटी लाइट लागते. सेन्सर नवा घातला तरी तोही तेच सांगणार.

दुसरी शक्यता वायरची. हेडरमुळे सेन्सर खाली सरकतो, वायर पुरत नाही, मग पिळून-टेप लावून जोड दिला जातो. पावसात रस्त्यावरचं पाणी नेमकं त्याच जोडावर उडतं.

कोन फिल्टरवर मात्र संशय कमी. या इंजिनात हवा मोजायला मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला दाब बघतो. त्याच्याकडे जाणारी रबरी नळी तडकलेली नाही ना, एवढं पाहा.

फुकटाकडून महागाकडे

सगळ्यात आधी बॅटरी : इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. व्होल्टेज पडलेलं असेल तर सेन्सर काहीबाही सांगतात.

मग सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा. मदतनीसाने ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर धरावं. हेडरपाशी फुसफुस ऐकू आली, पॅकिंगच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसली, की गळती सापडली. हे पाच मिनिटांत उरका, नंतर हेडर हाताला चटका देईल.

पुढची पायरी डिजिटल मल्टिमीटर. इंजिन गरम करा, मीटर सेन्सरच्या सिग्नल वायरला व्होल्टवर लावा. सिग्नल वायरवर ओहम मोजू नका, सेन्सर खराब होऊ शकतो. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की आकडा ०.६ च्या वर आणि झटक्यात सोडला की ०.४ च्या खाली गेला पाहिजे. तसा गेला तर सेन्सर जिवंत आहे. दोष गळतीत, वायरमध्ये किंवा पेट्रोलच्या दाबात शोधा.

आणखी एक पुरावा बहुतेकांच्या गाडीतच पडलेला असतो : पीयूसीची पावती. तिच्यावरचं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण आधीपेक्षा वाढलंय? मग पेट्रोल खरोखर जास्त जातंय आणि सेन्सर हवेने फसलाय. ते वाढलेलं नसेल, तर पेट्रोलच कमी पडत असेल; पंप आणि फिल्टर तपासा.

आपल्या गाडीत काजळीची रेघ निघाली. नवं पॅकिंग, समतल केलेला फ्लँज आणि सोल्डर करून हीटश्रिंकमध्ये घेतलेला वायरचा जोड, एवढंच काम होतं. सेन्सरचे पैसे उगाच गेले. सायलेन्सरबद्दल एक आठवण : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनमानी बदलांना मोकळीक देत नाही, आणि पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला आरटीओसमोर गाडी न्यावीच लागते. म्हणून मूळ भाग भंगारात घालू नका.

शेवटी कोड पुसायचा आणि गाडी घेऊन निघायचं, ते गंगापूर रोडवर चक्कर मारायला नाही. लाइट ज्या चढावर, ज्या पावसात, ज्या गिअरमध्ये लागली होती, तिथेच जायचं. कसाऱ्यापर्यंत उतरा, वळा आणि दुसऱ्या गिअरमध्ये पुन्हा वर या. इगतपुरी आली आणि मीटर काळोखाच राहिला, तर काम झालं.