तीन मिनिटांचे उस्ताद
(लेखांक ५)

मागच्या लेखांकात ग्रामोफोनचं यंत्र पाहिलं. आता त्यातून निघालेल्या गाण्यानं दोन पोरांचं काय केलं ते पाहू. दोघे कर्नाटकातले, वयात दोनेक वर्षांचं अंतर, आणि दोघांच्याही वाटा आपल्या मध्य प्रदेशातून गेलेल्या.

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असंच गायचं या ध्यासानं गदगच्या भीमसेन जोशींनी अकराव्या वर्षी घर सोडलं. बिनतिकीट भटकत ग्वाल्हेरला पोचले, तिथल्या माधव संगीत विद्यालयात शिकले. खाँसाहेब काही त्यांना गुरू म्हणून लाभले नाहीत. पण १९३६ साली कुंदगोळला खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व भेटले. तबकडीतून मिळाला तो पत्ता. गाणं गुरूच्या घरी पाणी भरून मिळवावं लागलं.

असं का, ते तबकडी हातात घेतली की कळतं. दहा इंची, लाखेची, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. मैफिलीत तासभर रंगणारा ख्याल त्यात कसा मावणार? गवई आलाप आवरता घेऊन थेट बंदिशीवर येई. मोजक्या जागा, चार ताना, की सुई उचलायची वेळ. आवाजाचा लगाव आणि समेवर यायची ढब ऐकणाऱ्याला घरबसल्या मिळे. राग सावकाश कसा उलगडायचा, हे शिकवायला मात्र त्यात जागाच नव्हती.

दुसरा पोरगा शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व (जन्म १९२४). हा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाई. लोक थक्क होत, जलसे होत. अशा कौतुकात पोरं वाया जायला वेळ लागत नाही. वडिलांनी त्याला मुंबईला बी. आर. देवधरांकडे सोपवलं, हे बरं झालं. पुढे क्षयानं गाठलं आणि १९४८ च्या सुरुवातीला ते हवापालटासाठी देवासला आले. काही वर्षं गायला मनाई. कानावर पडत राहिली ती माळव्यातली लोकगीतं. त्या धुनांतूनच पुढे त्यांचे धुनउगम राग आले. मला विचाराल तर, पाठ झालेल्या तबकड्या गळ्यातून उतरायला ही सक्तीची मुकी वर्षंच कामी आली.

नंतर त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. बालगंधर्वांच्या तबकड्या रसिकांना तोंडपाठ. नक्कल केली असती तर टाळ्या हमखास होत्या, आणि नकलेत कुमार लहानपणापासूनच तयार. तरी आवाज त्यांनी आपलाच ठेवला. या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका निघालेली आहे. आधी बालगंधर्वांची एखादी जुनी तबकडी ऐका आणि लगेच तेच पद कुमारांचं लावा.

पुढच्या आठवड्यात नागपूरकडे वळू: वसंतराव देशपांडे आणि मास्टर दीनानाथांचं गाणं.