रात्री माणमध्ये राहतं कोण?

समजा, उद्यापासून माणची बातमीदारी तुमच्याकडे आली. रोज तीन बातम्या द्यायच्या. काय देणार? ट्रॅफिक, मेट्रो... आणि तिसरी? पुन्हा ट्रॅफिकच! हिंजवडीच्या कोंडीत तासभर अडकलेल्या कुणालाही हेच सुचेल. पण त्या गाड्यांमधले कितीतरी जण संध्याकाळी वाकड-बाणेरला परत जातात. मग रात्री माणमध्ये राहतं कोण?

हा प्रश्न आधी विचारायचा आणि बातमीदार कुठे पाठवायचा ते नंतर ठरवायचं. तसं हे नवीन नाही. १९३२ मध्ये पुण्यात ‘सकाळ’ सुरू करणाऱ्या ना. भि. परुळेकरांनी स्थानिक बातम्यांना जागा दिली, ती वाचकाला काय हवं हे ओळखूनच. आज आपल्या हाताशी आकडेही आहेत. वय, मातृभाषा, कुठून आणि कशासाठी आलात, घरात पाणी कुठून येतं, हे सगळं जनगणनेत विचारलं जातं.

अडचण एवढीच, की हाती असलेले आकडे २०११ चे आहेत. २०२१ ची जनगणना लांबली आणि नव्या जनगणनेचा संदर्भदिन आहे १ मार्च २०२७. पिंपरी-चिंचवड २००१ मध्ये सुमारे १० लाखांचं होतं, २०११ मध्ये ते १७ लाखांच्या पुढे गेलं. दहा वर्षांत शेजारचं शहर एवढं वाढलं असेल, तर माणचं आजचं पान २०११ च्या आकड्यांवर लावणं म्हणजे शाळेतल्या फोटोवरून आजचा माणूस शोधण्यासारखं!

मग मतदार यादी घ्यायची? त्यात वय कळतं. पण बिहारहून बांधकामावर आलेल्या मजुराचं नाव बहुधा त्याच्या गावाकडच्या यादीत असतं. टॉवरमध्ये भाड्याने राहणाऱ्या अनेकांचंही तसंच. बरं, मोबाइलवरचे क्लिक मोजले तर? मग शिवारातली आजी आणि साइटवरचा मजूर दोघंही गायब. प्रत्येक यादी कुणाला तरी बाहेर ठेवतेच. म्हणून दोन-तीन याद्या शेजारी ठेवायच्या, कोण सुटलं ते पाहायचं आणि तिथे स्वतः जायचं.

याने फरक काय पडतो? शाळेचा पट बघा. वर्षाच्या मध्येच परप्रांतातली मुलं वाढलेली दिसली, तर बातमी तिथे आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्राथमिक शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो. हे साइटवरच्या आईला कळलं तर तिचं मूल वर्गात बसेल. पण मराठी पानावर छापून ते तिच्यापर्यंत पोचेल का? कदाचित हिंदीतली दोन मिनिटांची ऑडिओ क्लिप जास्त कामाची ठरेल. मजकूर कुठला, भाषा कुठली, पोचवायचं कसं, हे सगळं आकड्यांवरून ठरतं ते असं.

जर्नालिझम शिकत असाल किंवा नसाल, एक प्रयोग करा. तुमच्या गावाच्या किंवा वॉर्डाच्या गेल्या महिन्यातल्या बातम्या गोळा करा. प्रत्येकीपुढे लिहा: ही कुणाच्या उपयोगाची? शेतकरी, भाडेकरू, मजूर, विद्यार्थी, ज्येष्ठ. नावं-नंबर नकोत, फक्त रकाने. ज्या रकान्यात एकही खूण नसेल, तुमची पुढची बातमी तिथून सुरू करा.