चाकांवरचे बिऱ्हाड

मोटारीत रात्र काढण्याची हौस आम्हांला मुळीच नव्हती. नागपूरहून अकोल्याला लग्नाला निघालो होतो. नांदगाव पेठेजवळ चाक बसले, आणि स्टेपनी काढली तर तीही बसलेली! सौ. काही बोलली नाही. म्हणजे काय, ते विवाहित वाचक जाणतातच.

रात्रीचा एक वाजलेला. शेजारी ट्रकांची रांग लागलेली. मे महिना, त्यात वऱ्हाडातला! नातू मागच्या सीटवर पेंगुळलेला. मी काचा चढवल्या, इंजिन चालू ठेवून थंड हवा सोडली आणि डोळे मिटले.

जाग आली ती काचेवरच्या धडाधड थापांनी. चोरच आला, असे वाटले.

"काऊन हो काका, इंजन चालू ठेवून झोपता? लेकरू हाय आत! बंद करा आधी, काचा उघडा!"

शेजारचा ट्रकवाला होता. उभ्या गाडीचा धूर कुठून तरी आत झिरपतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. मी पदवीधर, पण हे मला त्याने सांगावे लागले.

झोप तर उडालीच होती. त्याने आपल्या केबिनमध्ये नेऊन चहा पाजला. सीटमागे फळीएवढी झोपायची जागा, एक स्टोव्ह, पाण्याची कॅन, खुंटीला टॉवेल. मेहकरकडचा माणूस, एकोणीस दिवस घराबाहेर. इथल्या औद्योगिक वसाहतीत माल भरायला नंबर लावून बसलेला. पूर्वी जोडीला क्लीनर असे. आता मालकाला तो परवडत नाही.

"झोपाचं तं एक डोया उघडा ठेवून. डिझल चोरीले गेलं, तं मालक माह्या पगारातून कापते."

मोटार कामगारांना दिवसाला आठ तासच काम, असा कायदा १९६१ सालीच झाला आहे, असे मी ज्ञान पाजळले. तो नुसता हसला. नव्याने बनणाऱ्या ट्रकांत थंड हवेची केबिन सक्तीची झाली खरी. याचा ट्रक कितीतरी जुना.

समोर गाडगेबाबांची तसबीर होती. बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः जन्मभर फिरत राहिले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्याच वाटेवर, वलगावजवळ, पेढीकाठी देह ठेवला.

"बाबाले तरी कुठं घर होतं?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "पर मले हाय ना काका. पोरगी तिसरीत हाय."

पहाटे त्याचा नंबर लागला. हात हलवून तो गेला. इतक्यात नातू जागा झाला आणि "थंड हवा का बंद केली, उकडतंय," म्हणून त्याने भोकाड पसरले. आम्ही दोघांनी त्याला खुशाल रडू दिले.