वणव्याआधीची तयारी : घराभोवतीचे तीस फूट मोकळे ठेवा

हुबळी-धारवाड : शिवरात्र उलटली की धारवाडच्या पश्चिमेकडचं रान वाळायला लागतं. कलघटगी, अळणावर, हल्याळ, खानापूर या पट्ट्यात पानगळीचा थर साचतो, माळावरचं गवत पिवळं पडतं. वळवाचा पाऊस येईपर्यंतचे दोन-तीन महिने हे वणव्याचे दिवस.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बंडीपूरचं हजारो एकर जंगल जळालं. मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यातले वणवे विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर आणावी लागली. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य तिथून लांब नाही. रानाकडेच्या वाड्या-वस्त्या असोत की शहराबाहेर मोकळ्या गवताळ प्लॉटांच्या मधोमध उभी राहिलेली नवी घरं, तयारी दोघांनाही हवी. ही तयारी धूर दिसल्यावर होत नाही, ती आधीच करावी लागते.

घर पेटतं कसं?

आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत, वाळक्या पाल्यातून आणि गवतातून धावतो. एका जागी तो फार वेळ थांबत नाही. पण वाटेत भिंतीला टेकलेली गवताची गंजी, कडबा किंवा जळणाची रास मिळाली की तीच आग तासन् तास धगधगते आणि घर पकडते. दुसरा धोका ठिणग्यांचा. वाऱ्याबरोबर त्या आगीच्या पुढे उडत येतात. कौलांच्या फटीतून आत शिरल्या तर वासे-रिपा पेटतात. पन्हाळीत साचलेला पाला आणि गोठ्यावरची ताडपत्री यांनाही एक ठिणगी पुरते.

घराभोवती काय करावं?

घराला लागून पहिले पाच फूट पूर्ण स्वच्छ ठेवा. तिथे पाला, जळण, रिकामी पोती, प्लॅस्टिक काहीच नको. त्यापुढे तीस फुटांपर्यंत गवत कापून काढा. घर उताराच्या वरच्या अंगाला असेल तर हे अंतर वाढवा, कारण चढावर आग जास्त वेगाने येते.

गंजी आणि कडबा या तीस फुटांच्या बाहेरच रचावा. शक्य असेल तर एकाच मोठ्या गंजीऐवजी अंतर सोडून दोन कराव्यात, म्हणजे वर्षाची सगळी वैरण एकदम जात नाही. फुटकी कौलं बदला, पन्हाळी झाडून घ्या. पाण्याची टाकी, दोन बादल्या आणि छपरापर्यंत पोचणारी शिडी हाताशी ठेवा. शेतावरची वीजतार लोंबत असेल किंवा ठिणग्या पडत असतील तर १९१२ वर हेस्कॉमला कळवा. बांध किंवा उसाचं पाचट पेटवू नका. अनेक वणव्यांची सुरुवात अशाच आगीतून होते. राखीव जंगलाला आग लावणं कर्नाटक वन कायदा १९६३ नुसार गुन्हा आहे.

घरच्यांनी काय ठरवावं?

म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना कोण नेणार, जनावरं कोण सोडणार, बाहेर पडायच्या दोन वाटा कोणत्या, सगळ्यांनी भेटायचं कुठे, हे आधीच बोलून ठेवा. एका पिशवीत आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, जमिनीचा उतारा (इकडे पहाणी, महाराष्ट्रात सातबारा), रोजची औषधं, बॅटरी आणि थोडी रोकड भरून ठेवावी.

आग जवळ येते असं दिसताच गॅसचा रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या लावा, जनावरांची दावी सोडा. बांधलेलं जनावर पळू शकत नाही. नांगरलेल्या किंवा मोकळ्या रानात त्याला हाकला. अंगावर जाड सुती कपडे आणि पायात बूट घाला. नायलॉनची साडी किंवा पॉलिस्टर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. ओल्या फडक्याने बारीक धूर अडत नाही; दमेकऱ्यांसाठी घरात एन-९५ मास्क ठेवा.

पळताना डोंगराच्या वर जाऊ नका. नांगरलेलं शेत, रस्ता, तळं किंवा आधीच जळून थंड झालेली जागा गाठावी. सामानासाठी परत फिरू नका. कुणाला भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी घालावं; हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये.

कळवायचं कुणाला?

११२ हा क्रमांक कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा, तिन्हीकडे चालतो. अग्निशमन दलासाठी १०१ आहे. गावच्या वनरक्षकाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून दिसणाऱ्या आगींचे इशारे मोबाईलवर पाठवते. त्यासाठी सामान्य नागरिकालाही नाव नोंदवता येतं. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो, त्यामुळे धूर दिसला की इशाऱ्याची वाट न बघता फोन करा.

गंजी हलवणं आणि गवत काढणं हे दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. होळीच्या आधी ते उरकलेलं बरं.